मे महिन्यात टिकणारा प्रोसेसर

बीड जिल्ह्यात लग्नाच्या शूटिंगचा खरा हंगाम साखर कारखान्यांचे पट्टे पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, सुरू होतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेल्या टोळ्या पाडव्याच्या मागेपुढे गावी परततात, मुकादमाचे हिशेब होतात आणि धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारकडच्या गावांत अक्षय्य तृतीयेच्या अलीकडे-पलीकडे लग्नांची एकच दाटी होते. त्यामुळे व्हिडिओ मिक्सिंग करणाऱ्याचं वर्षभरातलं बरंचसं काम एप्रिल-मेच्या काही आठवड्यांत अंगावर येतं. नेमक्या त्याच आठवड्यांत पारा चाळिशीपार असतो, वळवाच्या वाऱ्याने तारा तुटतात, लाईट जाते-येते आणि दुकानाच्या माळ्यावरच्या खोलीत कॉम्प्युटर रात्रंदिवस रेंडर मारत असतो. असा कॉम्प्युटर विकत घेताना मात्र या महिन्याचा विचार कोणी करत नाही. चर्चा होते ती 'आय-सेव्हन टाकू की आय-नाईन' एवढीच. आणि त्याच मशीनवर रात्री भावाला किंवा मुलाला गेमही खेळायचे असले, तर मग आय-नाईनच, असा निकाल चहा येण्याआधी लागलेला असतो. माझं म्हणणं याच्या उलट आहे. एडिटिंग आणि गेमिंग एकाच मशीनवर करणाऱ्या इथल्या माणसाने सगळ्यात मोठा प्रोसेसर घेणं ही बहुतेक वेळा चूक ठरते. मधल्या वर्गातला, कमी वॅटवर सलग चालणारा आणि आपल्या कॅमेऱ्याची फाईल हार्डवेअरमध्ये उलगडू शकणारा प्रोसेसर त्याला हंगामात जास्त काम करून देतो.

फाईल उलगडणं म्हणजे काय, हे नीट पाहिलं पाहिजे, कारण सगळी गोम तिथे आहे. नवरीच्या हळदीची दहा सेकंदांची क्लिप घ्या. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर तिच्यात २५० चित्रं झाली. पण कॅमेरा ही सगळी चित्रं पूर्ण लिहून ठेवत नाही. काही मोजकी चित्रं पूर्ण असतात. बाकीच्यांत फक्त काय बदललं याची नोंद असते: हळदीचा हात गालावरून इतका सरकला, मागचा मांडव आहे तसाच. म्हणून तर तासाभराचं शूटिंग कार्डावर मावतं. आता एडिटर टाइमलाइनवर मध्येच कुठेतरी माउस नेऊन थांबतो, तेव्हा कॉम्प्युटरला मागच्या पूर्ण चित्रापासून एकेक बदल जुळवत त्या फ्रेमपर्यंत यावं लागतं. माउस उलट ओढला की पुन्हा तोच हिशेब. दोन कॅमेरे आणि वर ड्रोन असं तीन ट्रॅकचं काम असेल तर हे तिप्पट. एडिटर दिवसभर जे करतो त्यातला मोठा भाग म्हणजे हे मागे-पुढे ओढणंच असतं. शेवटचं एक्स्पोर्ट माणूस झोपलेला असतानाही होतं, त्यामुळे ते वीस मिनिटं आधी संपलं काय आणि नंतर संपलं काय, फारसं बिघडत नाही. टाइमलाइन अडखळत असेल तर मात्र माणसाचाच दिवस वाया जातो.

हे जुळवाजुळवीचं काम दोन प्रकारे होतं. प्रोसेसरच्या सर्वसाधारण कोअरना जुंपून, किंवा चिपमध्ये याच कामासाठी कोरलेल्या छोट्या, स्वतंत्र भागाकडून. तो भाग हे काम अगदी थोड्या विजेवर करतो, पण त्याला ठरावीक प्रकारच्याच फाईल समजतात. इथे गेल्या काही वर्षांत मोठा बदल झाला. सोनीचा २०१८ चा ए७ थ्री ८-बिट, ४:२:० प्रकारची फाईल द्यायचा. कॅननचा आर६ २०२० मध्ये आला, सोनीचा ए७ फोर २०२१ मध्ये, आणि हे कॅमेरे १०-बिट, ४:२:२ देऊ लागले. ८-बिटमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा असतात, १०-बिटमध्ये १०२४, आणि ४:२:२ मध्ये रंगाची नोंद आधीपेक्षा दुप्पट बारकाईने होते. शालूच्या जरीवर आणि हॅलोजनखालच्या चेहऱ्यावर कलर करताना याचा फायदा दिसतो, म्हणून चांगले शूटिंगवाले हल्ली असंच चित्रण करतात. पण एचईव्हीसी पद्धतीची ही १०-बिट ४:२:२ फाईल हार्डवेअरमध्ये उलगडण्याची सोय डेस्कटॉपवर इंटेलने २०२१ च्या अकराव्या पिढीपासून दिली, आणि तीही प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्समध्ये; या सोयीला क्विक सिंक म्हणतात. एनव्हिडियाच्या कार्डांत ही सोय यायला जानेवारी २०२५ मधली आरटीएक्स ५० मालिका उजाडावी लागली. लाखाच्या वर किंमत असलेलं आरटीएक्स ४०९० हे गेमिंगचं दैवत, पण या फाईलपुढे त्याने हात टेकले होते. एएमडीच्या रायझन प्रोसेसरमधल्या छोट्या अंगभूत ग्राफिक्सलाही ती जमत नाही.

यावरून एक गोष्ट निघते, जी कोटेशनच्या कागदावर सहसा दिसत नाही. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' हे अक्षर असलं तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतं. दुकानदार प्रामाणिकपणे सांगतो, 'तुम्ही वेगळं ग्राफिक्स कार्ड टाकताय ना, मग एफवाला घ्या, तेवढेच पैसे वाचतील.' नुसत्या गेमरसाठी हा सल्ला अगदी बरोबर आहे. पण शेजारी ३०६० किंवा ४०६० सारखं जुन्या पिढीतलं कार्ड लावून नव्या कॅमेऱ्याचं फुटेज कापणाऱ्यासाठी तो घातक आहे. थोड्या पैशांच्या बचतीपायी त्याने नेमका आपल्या कामाचा भाग सोडून दिलेला असतो. लग्नाच्या मिक्सिंगमध्ये आजही मोठा वाटा असलेलं एडियस सॉफ्टवेअर तर वर्षानुवर्षं क्विक सिंकच्या भरवशावर एक्स्पोर्ट करत आलं आहे. बाजारात फिरणाऱ्या जुन्या क्रॅक आवृत्त्यांवर काम करणाऱ्यांचा आणखी एक घोटाळा होतो: कार्ड २०२५ चं आणि सॉफ्टवेअर सात-आठ वर्षांपूर्वीचं. त्या सॉफ्टवेअरला नव्या कार्डातल्या सोयींची ओळखच नसते, आणि मग दोष प्रोसेसरला दिला जातो. एक बारकावा उरतोच. १०-बिट ४:२:२ ची नोंद कॅमेऱ्याने एच.२६४ पद्धतीने केली, तर ती उलगडणं इंटेलच्या चौदाव्या पिढीपर्यंतच्या अंगभूत ग्राफिक्सला येत नाही. म्हणून ज्या कॅमेऱ्यात आणि ज्या फ्रेमरेटला सोय आहे तिथे मेनूतच एचईव्हीसी निवडलेलं बरं. असा प्रश्न पाच मिनिटांत कॅमेऱ्याच्या मेनूत सुटतो, आणि त्यासाठी लोक पन्नास हजारांचा प्रोसेसर घेतात.

यावर जाणकारांचा पहिला आक्षेप असा, की प्रॉक्सी बनवा, म्हणजे मूळ फाईलच्या हलक्या प्रती तयार करा आणि त्यांवर कापाकापी करा; मग प्रोसेसर कोणताही चालेल. आक्षेप खरा आहे, आणि दोन कामं हातात असणाऱ्याने तसंच करावं. पण प्रॉक्सी बनवायलाही मूळ फाईल एकदा पूर्ण उलगडावी लागतेच. ते काम हार्डवेअरविना कोअरच्या बळावर करायचं तर रात्रभर मशीन पूर्ण भारावर चालणार. एका आठवड्यात आठ लग्नं आली की त्या रात्री कुठून आणायच्या? शिवाय प्रॉक्सीला जागा लागते ती वेगळीच.

दुसरी गल्लत कोअरच्या संख्येची. कमी पैशांत जास्त कोअर, या मोहाने बरेच जण जुने झिऑन प्रोसेसर आणि त्यांच्यासाठी चीनमध्ये नव्याने बनवलेले एक्स ९९ बोर्ड घेतात. झिऑन ई५-२६८० व्ही४ हे त्यातलं लाडकं नाव. १४ कोअर, २८ थ्रेड. कागदावर भारदस्त. पण ही चिप २०१६ ची, सर्व्हरसाठी बनवलेली, १२० वॅटची. तिच्यात अंगभूत ग्राफिक्स नाही, म्हणजे क्विक सिंकही नाही. तिच्या एकेका कोअरचा वेग आजच्या सहा कोअरच्या साध्या रायझन ५ ७६०० च्या कोअरच्या निम्म्याच्या आसपास. गेमला मोजके पण चपळ कोअर लागतात, तिथे ही चिप मार खाते. एडिटिंगला फाईल उलगडणारा भाग लागतो, तो हिच्यात नाही. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत ती बसत नाही आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. चौदा बैल आहेत, पण सगळे थकलेले; त्यांना जुंपून नांगरट लवकर होत नाही.

आता उन्हाळ्याकडे येऊ. प्रोसेसरच्या तापमानाचा हिशेब खोलीच्या तापमानापासून सुरू होतो, ही गोष्ट इंग्रजी व्हिडिओ पाहून खरेदी करणारे विसरतात. कूलर थंडी तयार करत नाही. तो चिपची उष्णता उचलून खोलीत टाकतो. ठरावीक वॅटवर ठरावीक कूलर चिपला खोलीपेक्षा समजा ६० अंश वर ठेवत असेल, तर २२ अंशांच्या वातानुकूलित खोलीत चिप ८२ वर राहते आणि चाचणी घेणारा समाधानाने मान हलवतो. तेच मशीन ४२ अंशांच्या खोलीत आणा. हिशेबाने चिप १०२ वर जायला हवी. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश, रायझनच्या बहुतेकांची ९५. ती ओलांडू नये म्हणून चिप स्वतःच वेग कमी करते. म्हणजे ज्या वेगासाठी जादा पैसे मोजले तो वेग जानेवारीत मिळतो आणि मे महिन्यात, जेव्हा त्याची गरज असते तेव्हा, मिळत नाही. या जिल्ह्याला हे गणित नवं नसावं. परळीच्या औष्णिक वीज केंद्राचे संच २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. कोळसा असला, यंत्रं धडधाकट असली, तरी उष्णता वाहून न्यायला काही नसेल तर क्षमतेचा आकडा कागदावरच राहतो. चिपलाही तोच नियम लागू आहे.

आकडे पाहा. आय-नाईन १४९००के या २४ कोअरच्या प्रोसेसरची पायाभूत वीज १२५ वॅट आहे, पण पूर्ण जोरात तो २५३ वॅटपर्यंत जातो. कोअर अल्ट्रा ५ २४५ या १४ कोअरच्या प्रोसेसरचा पाया ६५ वॅटचा, कमाल १२१. आठ कोअरच्या रायझन ७ ९७००एक्सची नोंदही ६५ वॅट. वरच्या टोकाचा थोडासा वेग मिळवण्यासाठी चिपला व्होल्टेज वाढवून द्यावं लागतं, आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. म्हणून शेवटच्या थोड्या वेगासाठी वीज भरमसाट लागते. उलट वीज निम्मी केली तरी काम निम्मं होत नाही, त्याहून बरंच कमी घटतं. २५३ वॅटचा प्रोसेसर, १८० वॅटचं आरटीएक्स ५०६० टीआय कार्ड आणि दोन मॉनिटर एका लहान खोलीत चालवणं म्हणजे मे महिन्यात अर्ध्या किलोवॅटचा हीटर पायाशी घेऊन बसणं. एसी लावता येईल की, असं कोणी म्हणेल. जरूर लावावा. पण लाईट गेल्यावर एसी बंद पडतो आणि कॉम्प्युटर यूपीएसवर चालू राहतो. खोली तापायला पंधरा मिनिटं पुरतात. त्यात बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीए चा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपास भार झेलतो. त्याच्यावर वरचं मशीन टाकलं तर लाईट गेल्या क्षणी यूपीएस किंचाळून बंद होतो, आणि रेंडर ८७ टक्क्यांवरून पुन्हा शून्यावर.

मोठ्या आकड्यांच्या शर्यतीत खुद्द कंपनीचंही काय होतं, याचा धडा २०२४ ने दिला. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरवर गेम अचानक बंद पडू लागले. पडद्यावर संदेश यायचा तो ग्राफिक्स कार्डची मेमरी संपल्याचा, त्यामुळे कित्येकांनी आधी कार्डावरच संशय घेतला. शेवटी इंटेलने मान्य केलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्यातून चिप कायमची झिजत होती. ऑगस्ट २०२४ पासून बोर्डांच्या बायोससाठी दुरुस्त्या आल्या, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षं करण्यात आली. झिजलेली चिप मात्र अद्ययावत करून बरी होत नाही, बदलूनच घ्यावी लागते. या पिढ्या आज टाकाऊ आहेत असं मी म्हणत नाही. बायोस अद्ययावत असेल तर १३व्या-१४व्या पिढीचा आय-फाईव्ह चांगलं काम देतो. पण त्या काळात विकला गेलेला, बायोस कधीच न बदललेला सेकंडहँड आय-नाईन स्वस्तात मिळतोय म्हणून घेणं म्हणजे न पाहिलेल्या विहिरीत मोटर सोडणं आहे.

गेमिंगवाल्यांचं काय? गेमच्या प्रत्येक चित्रात दोन कामं असतात. कोण कुठे आहे, गोळी कुठे लागली, काय दाखवायचं, हे प्रोसेसर ठरवून देतो. ते रंगवण्याचं काम ग्राफिक्स कार्ड करतं. स्वयंपाकघरात भाजी चिरून देणारे दहा हात असले आणि चूल एकच असली, तर पंगतीला भाजी चुलीच्या वेगानेच येणार. मधल्या किमतीचं कार्ड लावून १४४०पी वर जड गेम खेळणाऱ्याची चूल म्हणजे त्याचं कार्ड. तिथे सहा कोअरचा चांगला प्रोसेसर आणि चोवीस कोअरचा महागडा प्रोसेसर यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला साठच चित्रं दाखवतो, म्हणजे एका चित्राला जवळपास १६.७ मिलिसेकंद, त्याच्या आत काम उरकणारा कोणताही प्रोसेसर सारखाच. तरीही एक अपवाद मान्य केला पाहिजे. व्हॅलोरंटसारखे स्पर्धात्मक गेम कार्डावर हलके असतात, २४० हर्ट्झच्या मॉनिटरवर ते खेळणाऱ्याला दर चित्र चार मिलिसेकंदांत हवं असतं, आणि तिथे चूल बदलते. एएमडीच्या एक्सथ्रीडी प्रोसेसरची ख्याती यातूनच झाली. नोव्हेंबर २०२४ मधल्या रायझन ७ ९८००एक्सथ्रीडीमध्ये कोअर आठच आहेत, पण कोअरच्या जवळची तिसऱ्या पातळीची कॅश ९६ एमबी आहे. गेमला लागणारी माहिती रॅमपर्यंत न जाता तिथेच सापडते. बघा, गेमिंगमध्ये पहिला नंबर मिळवणाऱ्यालाही कोअर वाढवावे लागले नाहीत. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी आणून ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली, त्यामुळे यात करिअर पाहणारी मुलं वाढतील. त्यातला जो खरोखर स्पर्धेत उतरतो त्याने एक्सथ्रीडी घ्यावा. बाकीच्यांच्या पिंगचा, म्हणजे गेमच्या सर्व्हरकडून उत्तर यायला लागणाऱ्या वेळाचा, प्रश्न इंटरनेटच्या लाइनचा असतो, आणि तो कोणताही प्रोसेसर सोडवत नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे: आता एकदाच मोठं घेतलं की पाच-सात वर्षं बघायला नको. शेतकरी कुटुंबातल्या माणसाला तो पटतो, कारण ट्रॅक्टर घेताना हाच विचार बरोबर असतो. कॉम्प्युटरमध्ये तो फसतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेला रायझन ९ ३९५०एक्स हा त्या वेळी घरगुती वर्गातला राजा होता, १६ कोअरचा. ज्याने तो 'पुढच्या पाच वर्षांसाठी' घेतला त्याच्यासमोर दोन वर्षांत १०-बिट ४:२:२ चे कॅमेरे आले, आणि अंगभूत ग्राफिक्स नसलेल्या त्या चिपला सोळाही कोअर जुंपून फाईल उलगडावी लागली. तेच काम अकराव्या पिढीच्या सहा कोअरच्या आय-फाईव्हने निवांत केलं. गेममध्ये २०२३ च्या सहा कोअरच्या रायझन ५ ७६०० ने त्याला मागे टाकलं. बदल कोअरच्या संख्येत आला नाही, फाईलच्या प्रकारात आणि कोअरच्या चपळाईत आला, आणि तो आगाऊ विकत घेता येत नाही. विकत घेता येतो तो बदल करण्याचा मार्ग. एएमडीचं २०२२ मधलं एएम५ सॉकेट २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवण्याचं कंपनीने सांगितलं आहे. आधीच्या एएम४ सॉकेटचं उदाहरण समोर आहे: २०१७ चे काही बोर्ड बायोस बदलून २०२२ चा ५८००एक्सथ्रीडी चालवू शकले. आज मधला प्रोसेसर आणि तीन वर्षांनी त्याच बोर्डावर नवा मधला प्रोसेसर, हा खर्च एका आय-नाईनच्या आसपासच जातो. हप्त्यांवर घेतलेला आय-नाईन म्हणजे मुकादमाकडून घेतलेल्या उचलीसारखाच. येणारा हंगाम आधीच गहाण पडतो.

मॅक घ्या, असं सुचवणारेही भेटतात. नुसतं एडिटिंग करणाऱ्याच्या बाबतीत मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. नोव्हेंबर २०२४ मधला एम४ चिपचा मॅक मिनी ४:२:२ फाईल सहज उलगडतो, वीज नाममात्र खातो आणि तापलेल्या खोलीतही शांत राहतो. या लेखाच्या बहुतेक अटी तो पूर्ण करतो. पण त्यावर एडियस चालत नाही, रॅम पुढे वाढवता येत नाही आणि गेम मोजकेच. दोन्ही कामं हवी असणाऱ्यासाठी तो बाद. लॅपटॉपचं उत्तर तर आधीच आलं: जी उष्णता मोठ्या कॅबिनेटला झेपत नाही ती दोन बोटं जाडीच्या डब्यात कोंडायची.

मोठा प्रोसेसर कोणालाच नको, असं मात्र नाही. ब्लेंडरमध्ये थ्रीडी करणारा, आफ्टर इफेक्ट्समध्ये दिवसभर बसणारा, एकाच वेळी चार कामं रेंडरला टाकणारा स्टुडिओ, यांना सोळा कोअर मिनिटामिनिटाला लागतात. त्यांनी ते घ्यावेत, बायोसमध्ये वॅटची मर्यादा लावून घ्यावेत आणि खोली थंड ठेवण्याचा खर्च मशीनच्याच खर्चात धरावा. जिल्ह्यात असे किती, हे ज्याचं त्याने स्वतःला विचारावं. लग्न, कीर्तन-सप्ताह, सभा, वाढदिवसाचं स्टेटस आणि रील या रोजच्या कामांत सोळा कोअर बहुतेक वेळ रिकामे बसतात.

तेव्हा आजच्या बाजारात निवड कशी करावी? जुनं ग्राफिक्स कार्ड वापरायचं असेल आणि फुटेज १०-बिट ४:२:२ चं असेल, तर इंटेलचा कोअर अल्ट्रा ५ २४५ सारखा ६५ वॅटचा, एफ नसलेला प्रोसेसर. नवं आरटीएक्स ५० मालिकेतलं कार्ड घेणार असाल तर उलगडण्याचं काम कार्ड करेल. मग आठ कोअरचा रायझन आणि एएम५ बोर्ड हा जास्त शहाणा सौदा, कारण पुढचा मार्ग मोकळा राहतो. गेमसाठी आधी आणि एडिटिंगसाठी नंतर, असा क्रम असेल तर एक्सथ्रीडी. कॅमेरा ८-बिट ४:२:० चाच असेल तर यातलं काहीही चालेल, आणि पैसे वाचवण्याला तिथेच सर्वाधिक वाव आहे.

वाचलेले पैसे कुठे जावेत हेही उघड आहे. १०० मेगाबिटने चित्रण केलं तर तासाला ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे सहा-सहा तास चालले की एका लग्नाचे ५४० जीबी. ५१२ जीबीची एसएसडी असलेल्या आय-नाईनला एक लग्नही पोटात घेता येत नाही. रॅम ३२ जीबीपेक्षा कमी नको, आणि इथे घाई करण्याला कारण आहे: एआयच्या डेटा सेंटरनी मागणी खेचल्यामुळे २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती चढल्या आहेत आणि मायक्रॉनने त्या डिसेंबरात क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा व्यवसायच बंद करत असल्याचं जाहीर केलं. कोटेशनमध्ये सगळ्यात खाली, कंपनीच्या नावाशिवाय लिहिलेला एसएमपीएस नावाजलेला हवा, यूपीएस एक हजार व्हीए चा हवा आणि खोलीचं अर्थिंग तपासलेलं हवं. प्रोसेसर बॉक्स पॅकच मागावा. सुटा, ट्रेमधला प्रोसेसर स्वस्त पडतो, पण त्याची हमी बहुधा विकणाऱ्यापुरती असते. जीएसटीचं पक्कं बिल नसेल तर वॉरंटीसाठी बीडहून संभाजीनगर किंवा पुण्याच्या चकरा मारूनही हाती काही लागत नाही.

आणि दुकानात जाताना पेनड्राइव्हवर आपल्याच कॅमेऱ्याची क्लिप न्यावी, नाचाची किंवा हळदीची, जिच्यात हालचाल भरपूर आहे. तयार मशीनवर ती आपल्या नेहमीच्या सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर टाकायची, टास्क मॅनेजर उघडायचा आणि माउसने मागे-पुढे ओढत राहायचं. जीपीयूच्या पानावरचा 'व्हिडिओ डीकोड' नावाचा आलेख हलला आणि प्रोसेसरचा आलेख खाली राहिला, तर मशीन बरोबर जुळलं आहे. डीकोडचा आलेख सपाट राहून प्रोसेसर शंभराला टेकला, तर पुढचा प्रश्न दुकानदाराला तिथेच विचारायचा, बिल फाडण्याआधी. शक्य असेल तर ही चाचणी दुपारी दोन-तीनच्या सुमारास, दुकानाचा एसी बंद करायला लावून घ्यावी. दुकानदार कुरकुर करेल.